अन्नाला नावं न ठेवता

आमच्या घरी पानावर बसून जेवणाला नावं ठेवलेली आजीला खपत नसत. आमटीत मीठ कमी पडलं असेल तर डाव्या बाजूच्या चिमूटभर मिठाला बोट लावायचं, जास्त झालं असेल तर भात थोडा जास्त घ्यायचा आणि मुकाट जेवायचं. मी आठवीत असताना एका रात्री गवारीची भाजी निबर निघाली. चघळून चघळून तोंडात चोथा राहिला. तो मी ताटाच्या कडेला काढून ठेवला आणि तोंड वाकडं केलं. आजी काही बोलली नाही. आपल्या पानातली गवार तिने संपवली आणि उठली. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता माझ्या हातात पिशवी देऊन तिने मला मंडईत नेलं, गवारीच्या ढिगासमोर बसवलं आणि एकेक शेंग मोडायला लावली. शेंग कट् आवाज होऊन तुटली पाहिजे, कडेचा दोरा लोंबता कामा नये, आतला दाणा बोटाला लागता कामा नये. तीन गाळे सोडून चौथ्यावर तिने पाव किलो घेतली. परत येताना एवढंच म्हणाली, "जे काय बोलायचं ते इथं बोलायचं. पानावर नाही."

या पुस्तकातलं सगळं लेखन त्या एका वाक्यावर उभं आहे. बाहेरचं जेवण, बाजारहाट आणि भट्टीतलं भाजणं या तीन गोष्टींबद्दलची माझी रोजची मतं मी गेली कित्येक वर्षं वहीत टिपत आले. कुठल्या गाळ्यावर कोथिंबीर देठासकट कोवळी मिळते, कुठल्या खाणावळीत वरण दुपारी दोनलाही ताजं असतं, कुठल्या बेकरीतली खारी दाताखाली पदर पदर सुटते, अशा त्या नोंदी. त्या छापाव्यात असं मैत्रिणींनी सुचवलं तेव्हा पहिला प्रश्न मला पडला तो आजीच्याच शिस्तीचा. अन्नाबद्दल इतकी मतं असणं म्हणजे अन्नाला नावं ठेवणंच नव्हे का?

मला तसं वाटत नाही. पानात आलेलं अन्न झालेलं असतं. कुणीतरी उन्हातान्हात पिकवलेलं, कुणीतरी आचेशी उभं राहून रांधलेलं. त्या वेळी बोललेला शब्द रांधणाऱ्याच्या जिव्हारी लागतो आणि भाजी काही सुधारत नाही. पण तेच बोलणं तांदूळ घेताना, दुकान निवडताना, कणीक तिंबताना बोललं तर त्याने उद्याचं जेवण बदलतं. मत कुठे द्यायचं याची ही समज आपल्या घराघरांत होती. ती आता उलटी झालेली मला दिसते. बाजारात आपण मुकाट जे मिळेल ते घेतो आणि पानावर बसल्यावर बोलू लागतो.

मराठीत स्वयंपाकावरची पुस्तकं थोडीथोडकी नाहीत. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' १८७५ सालचं. लक्ष्मीबाई धुरंधरांच्या 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' या पुस्तकाने १९१० पासून किती संसार मार्गी लावले असतील! कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० साली आली. माझ्या आईच्या प्रतीत बेसनाच्या लाडवांचं पान तुपाने इतकं पारदर्शक झालं आहे की मागच्या पानावरची अक्षरंही त्यातून वाचता येतात. 'रुचिरा'चं मोठेपण मला तिच्या मापांत वाटतं. वाटी आणि चमचा ही मापं प्रत्येक घरात असतात, त्यामुळे नवख्या मुलीलाही स्वयंपाकाचा धीर आला. दुर्गाबाई भागवतांचं 'खमंग' मला पाककृतींच्या पुस्तकाहून मोठं वाटतं, कारण पदार्थामागची माणसं आणि मुलूख त्यात दिसतात.

या पुस्तकात कृती जवळजवळ नाहीत. कृती सुरू होण्याआधी जे ठरतं, त्याबद्दल मला बोलायचं आहे. दोन वाट्या तांदूळ घ्या, असं पुस्तक सांगतं. कुठले तांदूळ, नवे की जुने, कुणाकडचे, हे आई सांगायची. आता आईलाही ते सांगता येईनासं झालं आहे, कारण तिला हवा तो तांदूळ दुकानात मिळत नाही.

तांदळाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण माझी सगळी मतं त्याच्यापाशी येऊन थांबतात. आंबेमोहोर हा पुण्याच्या पश्चिमेचा, मुळशी-मावळाकडचा भात. दाणा आखूड आणि जरा गोलसर, शिजताना मोहरलेल्या आंब्याखाली उभं राहावं तसा वास. ज्या द्रव्यामुळे हा वास येतो तेच बासमतीतही असतं, पण आंबेमोहोराचा भात बासमतीसारखा मोकळा होत नाही. तो मऊ होतो, एकमेकाला धरतो, म्हणून वरणभाताला, आजाऱ्याच्या पेजेला आणि बाळाच्या पहिल्या घासाला घरोघरी तोच लागायचा. या भाताचं रोप उंच वाढतं, वाऱ्यापावसात लोळतं आणि उतारा कमी देतं. शेतकऱ्याने ते किती दिवस सोसावं? आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरातून वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात इंद्रायणी तयार झाला, १९८७ साली तो शेतात आला आणि मावळातली खाचरं त्याने भरली. इंद्रायणी चांगला तांदूळ आहे. मी रोज तोच शिजवते आणि त्याला कमी लेखणाऱ्यांशी माझं पटत नाही. माझं दुःख वेगळं आहे. मुळशीच्या आंबेमोहोराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तरीही पुण्यातल्या दुकानात आंबेमोहोर मागितला की बहुतेक वेळा बाहेरच्या राज्यातून आलेला, बारीक दाण्याचा दुसराच एखादा सुवासिक तांदूळ त्या नावाने पुढे येतो. विकणाऱ्यालाही कधीकधी फरक माहीत नसतो. घेणाऱ्याला तर नसतोच.

म्हणून सांगते, तांदूळ मुठीत घ्यावा, मूठ बंद करून तोंडाची वाफ त्यावर सोडावी आणि मग हुंगावा. ओलसर ऊब लागली की खऱ्या आंबेमोहोराचा वास वर येतो. दाणे तळहातावर पसरून पाहावेत. फार एकसारखे, फार चकचकीत असतील तर मला शंका येते, कारण कमी पॉलिश केलेल्या तांदळावर थोडी मळकट झाक असतेच. विचारावं, यंदाचा आहे का? नवा तांदूळ कमी पाण्यात शिजतो, पातेल्याला चिकटतो आणि गुरगुट्या भात त्याचाच करावा. मसालेभाताला वर्षभर मुरलेला घ्यावा. मला हे सगळं शिकवलं ते मावळातून डोक्यावर पोतं घेऊन दारावर येणाऱ्या एका बाईंनी. त्या दर संक्रांतीच्या सुमारास यायच्या, उंबऱ्याशी बसून पाणी प्यायच्या, माप भरून झालं की वर एक ओंजळ टाकायच्या. गेल्या दहा-बारा वर्षांत त्या आलेल्या नाहीत.

पुण्याची मंडई ही माझी पहिली शाळा. तिची अष्टकोनी दगडी इमारत १८८६ची, मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने तिला रे मार्केट म्हणत. पुढे तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. खुद्द जोतीरावांनी पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला होता. लोकांच्या शिक्षणावर आधी खर्च व्हावा असं त्यांचं म्हणणं होतं. १८८३ साली त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला. मुंबईतलं क्रॉफर्ड मार्केटही आता त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. शेतकऱ्याच्या घामाचा हिशेब मांडणाऱ्या माणसाचं नाव भाजीबाजाराला असणं मला योग्य वाटतं. घासाघीस करताना ते नाव आठवावं, असंही वाटतं. वीस रुपयांची जुडी पंधराला मागणाऱ्या बाईला मी कधी हसणार नाही, महिन्याचा खर्च तिलाच जुळवायचा असतो. पण मला स्वतःला भाव पाडण्यापेक्षा निवडून घेण्यात जास्त रस आहे. पूर्ण भाव द्यावा आणि हाताने निवडून घ्यावं. हा व्यवहार दोघांनाही मानाचा वाटतो.

निवडणं म्हणजे काय, हे वांग्यापाशी कळतं. भरताचं वांगं आकाराने मोठं असूनही हातात हलकं लागलं पाहिजे. जड असेल तर बिया भरलेल्या असतात. जळगावाकडच्या फिकट हिरव्या वांग्यात बी कमी, म्हणून त्याचं भरीत लोण्यासारखं होतं. तिकडे ते कापसाच्या पळकाट्यांवर भाजतात, तो धूर भरतात उतरतो, आणि गॅसवर भाजणाऱ्या आम्हा शहरातल्या बायकांना ती चव येत नाही हे मी मान्य केलं आहे. भरल्या वांग्याची वांगी मात्र लहान, काटेरी देठाची आणि घट्ट हवीत. देठ हिरवा आणि टोकेरी असेल तर वांगं कालचं, देठ वाळून तपकिरी झाला असेल तर चार दिवसांचं. दोडका दोन्ही हातांत धरून हलका वाकवावा. भेंडीचं टोक मोडू नये असं विकणारे म्हणतात, आणि त्यांचं बरोबर आहे, कारण मोडलेली भेंडी पुढचं गिऱ्हाईक घेत नाही. कोवळी भेंडी बोटात धरल्यावर किंचित लवते, तेवढ्यावर समजावं.

आता दहा मिनिटांत दारात भाजी येते. तिची टिंगल मला करायची नाही. माझ्या शेजारच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या, गुडघे दुखणाऱ्या ताईंना तिचा किती आधार आहे हे मी रोज पाहते. पण त्या पिशवीतल्या टोमॅटोंना कुणी हात लावून निवडलेलं नसतं. पडद्यावर दिसतो तो टोमॅटो एक आणि येतो तो दुसराच. मागे एकदा मी मागवलेल्या पालकात पिवळी पानं निम्मी होती. तक्रार केल्यावर पैसे लगेच परत मिळाले, पण पालक कुठून आला, कधी खुडला, कुणी पाहून पिशवीत भरला, यातल्या एकाही प्रश्नाला उत्तर देणारं माणूस समोर नव्हतं. मंडईत खराब भाजी निघाली तर दुसऱ्या दिवशी त्याच गाळ्यावर जाऊन सांगता येतं, आणि सांगितल्यावर पुढची भाजी चांगली मिळते. पैसे परत मिळण्यापेक्षा मला हे हवं असतं.

हापूसबद्दल मी या पुस्तकात एकच पान लिहिलं आहे, त्यावर आपल्याकडे पुष्कळ लिहून झालं. देठापाशी हुंगावं, पेटीतला खालचा थर बघायला मागावा, आणि फार लवकर, फार स्वस्त आलेला रत्नागिरी हापूस रत्नागिरीचा नसतो एवढं लक्षात ठेवावं. पायरीला मात्र मी तिचा मान दिला आहे. आमरस तिचाच.

बाहेर जेवायला गेल्यावर नव्या ठिकाणी मी आधी साधा वरणभात खाते. सोबतच्यांना त्याचं नवल वाटतं. पण वरणात लपवायला जागा नसते. तूरडाळ, हळद, हिंग, मीठ, थोडा गूळ, वर तूप. डाळ नीट शिजून एकजीव झाली आहे की पीठ लावून दाट केली आहे, हे पहिल्या घासाला कळतं. हिंग शिजतानाच पडला की वरून भुरभुरला, हेही कळतं. मग कोशिंबीर. काकडी आयत्या वेळी कोचलेली असेल तर ती पानावर पाणी सोडत नाही. वरण आणि कोशिंबीर सांभाळणाऱ्या स्वयंपाकघराने बाकीचंही सांभाळलेलं असतं, हा माझा अनुभव अजून खोटा ठरलेला नाही.

आणि वाढपी. आपण खाण्याच्या जागांबद्दल बोलताना आचाऱ्याचं कौतुक करतो, मालकाचं नाव घेतो, वाढप्याला विसरतो. चांगला वाढपी पानाकडे बघतो, माणसाच्या तोंडाकडे बघत नाही. भात अर्धा झाला की आमटी येते, पोळीचा शेवटचा तुकडा हातात असताना गरम पोळी पडते, आणि नको म्हणून हात आडवा केला की तो एकदाच विचारतो. अमर्याद थाळीच्या नावाखाली पानात ओतत सुटणं मला पाहवत नाही. टाकलेल्या अन्नाच्या बादल्या मागच्या दाराने जाताना मी पाहिल्या आहेत. त्यापेक्षा मर्यादित थाळी, तीन पोळ्या, एक मूद भात, आणि हवं तर वाढीव पैसे देऊन जास्तीची वाटी, ही जुन्या भोजनगृहांची पद्धत मला अन्नाचा मान राखणारी वाटते.

खाणावळ हा शब्द आता पाटीवर कमी दिसतो. मुंबईच्या गिरणगावात तो शब्द म्हणजे एका बाईचं घर असे. कोकणातून, घाटावरून आलेला गिरणी कामगार बायकामुलांना गावी ठेवून दहा-बारा जणांच्या खोलीत राहायचा आणि दोन वेळ जेवायला एखाद्या खाणावळवालीकडे जायचा. ती पहाटे उठून पाळ्यांच्या वेळा सांभाळत भाकऱ्या थापायची. महिनाअखेर कामगाराचा पगार होईपर्यंत वाण्याची उधारी तिच्या डोक्यावर, सावकाराचं व्याज तिच्या डोक्यावर. या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं आणि बँकेचं कर्ज मिळवून देऊन सावकाराच्या हातून सोडवलं. १९८२च्या संपाने गिरण्या थंडावल्या तेव्हा चुली थंडावल्या त्या या घरांच्याही. आपल्याकडे बाहेरच्या जेवणाचा इतिहास सांगताना इराणी हॉटेलं येतात, उडप्यांची हॉटेलं येतात, आणि ती यावीतच. पण लाखो माणसांना रोज ओळखीच्या चवीचं जेवण घालणाऱ्या या बायकांचा उल्लेख ओळीभरात संपतो, ही मला मोठी चूक वाटते. म्हणून या पुस्तकात त्यांच्यावरचा मजकूर सगळ्यात लांब आहे.

एका नावाजलेल्या थाळीच्या ठिकाणी ऐन मे महिन्यात मला डब्यातला आमरस वाढला गेला. पाटीवर 'ताजा आमरस' असं ठळक लिहिलं होतं. मी वाटी संपवली. जेवण झाल्यावर गल्ल्यावर जाऊन सांगितलं की रस डब्यातला आहे, त्याला माझी हरकत नाही, पण पाटीवरचा 'ताजा' शब्द पुसा. त्यांनी मान डोलावली. पंधरा दिवसांनी गेले तेव्हा पाटी तशीच होती. तेव्हापासून मी तिथे जात नाही. एका गिऱ्हाइकाच्या न जाण्याने त्यांचं काही बिघडत नसेल, पण कुठे जेवायचं हे ठरवणं तरी माझ्या हातात आहे आणि ते मी जपते.

आता भट्टी. मराठीत भाजणं हा शब्द फार मोठा आहे. दाणे भाजतात, रवा भाजतात, पापड भाजतात, भाकरी भाजतात आणि पावही भाजतात. घरात आपण 'बेक करते' म्हणतो, पण बेकरीतला कारागीर 'माल भाजून देतो' असंच म्हणतो. आपल्या स्वयंपाकघरात ओव्हन नव्हता म्हणून आपल्याला ही विद्या परकी, असं समजणं चूक आहे. कोकणात जून काकडीचं तवसाळं जाड बुडाच्या पातेल्यात घालून खाली मंद विस्तव आणि वर झाकणात निखारे ठेवून भाजत. गोव्यातली बेबिंकही वरच्या निखाऱ्यांवर थर थर भाजली जाते. वरून आणि खालून आच द्यायची, ही युक्ती आपल्या बायकांना पक्की ठाऊक होती. पुढे गोल अॅल्युमिनियमचे ओव्हन आले, शिट्टी आणि रिंग काढून ठेवलेल्या कुकरमध्ये वाळू तापवून रव्याचे केक झाले, आणि आता फ्लॅटच्या ओट्यावर ओटीजी असतो. साधनं बदलली, तरी आच ओळखण्याचं काम पूर्वीइतकंच नेमकं राहिलं आहे.

हे ओळखणं मी नाना पेठेतल्या एका बेकरीत पाहिलं. दिवाळीच्या आधी आणि मे महिन्यात आम्ही तिथे नानकटाई भाजायला नेत असू. मैदा, थोडं बेसन, रवा, पिठीसाखर, कुटलेली वेलची, आणि आजीने आदल्या दिवशी थंड जागी ठेवून थिजवलेलं तूप. तूप पातळ नेलं तर कारागीर चाचा ते परत पाठवत. लाकडी टेबलावर तूप आणि साखर घेऊन ते तळव्याने फेसायला लागत. पिवळसर, रवाळ तूप हळूहळू पांढरं व्हायचं, फुगायचं, मलईसारखं व्हायचं. साखरेचे कण तुपात फिरताना त्यात हवेचे बारीक बारीक कप्पे करतात, आचेने ते फुगतात आणि सोडा त्यांना आणखी रुंदावतो. पातळ तुपात हवा राहत नाही, म्हणून त्याची नानकटाई पसरून चपटी होते. हे मला पुस्तकातून पुढे कळलं. चाचांना ते तळव्याला कळत होतं. ते फेसता फेसता थांबायचे, दोन बोटांनी थोडं उचलून बघायचे, पुन्हा फेसायचे. मैदा पडल्यावर मात्र हात एकदम हलका. फार मळलं तर नानकटाई कडक होते, म्हणून पीठ नुसतं गोळा करायचं.

पाव भाजायला भट्टी कडक तापलेली लागते. नानकटाईला त्याहून बरीच कमी. म्हणून आमचा नंबर पाव निघून गेल्यावर, दुपारी. लाकडं बाहेर ओढलेली असत, पण विटांनी धरलेली ऊब तासन् तास टिकते. चाचा चिमूटभर मैदा भट्टीच्या फरशीवर टाकत आणि तो किती वेळात तांबूस होतो ते पाहत. लगेच करपला तर थांबा. हळूहळू बदामी झाला की काळे पडलेले पत्र्याचे ट्रे लांब दांड्याच्या फळीवरून आत जात. ट्रेच्या कोपऱ्यात प्रत्येक घराची चिठ्ठी. बाकावर सात-आठ बायका आणि आम्ही मुलं. पहिल्यांदा तुपाचा वास यायचा, मग वेलचीचा, आणि भाजलेल्या बेसनाचा वास आला की चाचा उठायचे. घड्याळ भिंतीवर होतं, पण त्यांनी त्याकडे बघितलेलं मला आठवत नाही. नानकटाई बाहेर आली की मऊ असे, हात लावायचा नाही. वरची भेग रुंदावत, सुकत जायची. किलोवर मजुरी देऊन डबा घरी आणायचा आणि पूर्ण निवेपर्यंत झाकण लावायचं नाही, कारण अडकलेली वाफ सगळी मेहनत मऊ करून टाकते.

मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांनी सहा महिन्यांत गॅस किंवा विजेसारख्या स्वच्छ इंधनाकडे वळावं, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५मध्ये दिला. हवेसाठी दिलेल्या त्या आदेशाला माझा विरोध नाही. भट्टीसमोर रात्रभर उभा राहणारा कारागीर तो धूर सगळ्यात आधी छातीत घेतो, हे ब्रून मस्क्याच्या आठवणी काढणाऱ्यांनी विसरू नये. माझा आग्रह एवढाच की वीट आणि तिची ऊब वाचवता आली तर वाचवावी. पावाला कडक पापुद्रा येतो तो बऱ्याच अंशी तापलेल्या विटांमुळे आणि भट्टीत कोंडलेल्या वाफेमुळे, आणि विटा गॅसनेही तापतात. त्यासाठी लागणारा खर्च छोट्या बेकरीवाल्याला एकट्याला झेपणारा नाही. तिथे लोकांनी आणि सरकारने त्याच्या पाठीशी उभं राहायला हवं. गोव्यात अजून पहाटे सायकलचा पोंऽ पोंऽ आवाज आला की दारं उघडतात. उंडे, कोंड्याची पोई, कडक काकणं घेऊन पोदेर दारात येतो. पीठ फुगवायला पूर्वी माडाची सूर वापरत, आता बहुतेक ठिकाणी यीस्ट आलं. सुरीची आंबूस गोडी गेली, पण पोदेर येतो आहे. तो येत राहावा म्हणून मी गोव्यातल्या नातेवाइकांना प्रत्येक वेळी सांगते, पिशवीतला कापलेला ब्रेड घेऊ नका.

या पुस्तकासाठी मी ज्यांचं ऋण मानते त्यांतल्या बहुतेकांची पूर्ण नावं मला माहीत नाहीत. नाना पेठेतले चाचा आता नाहीत आणि ती भट्टीही बंद झाली. मावळातल्या तांदूळवाल्या बाईंना आम्ही नुसतं 'मावशी' म्हणत असू. मंडईतल्या ज्या गाळ्यावर आजीने चौथ्यांदा थांबून गवार घेतली, तिथे आता त्या बाईंची सून बसते. हस्तलिखित छापायला देण्याआधी मी तिला भाजीवरचा मजकूर वाचून दाखवला. ती मेथी निवडत ऐकत होती. गवारीचं ऐकून मान हलवली, वांग्याचं ऐकून म्हणाली बरोबर आहे. मग विचारलं, "मेथीचं काय लिहिलंत?"

मेथीवर मी काहीच लिहिलं नव्हतं. तिने हातातली जुडी उलटी केली आणि मुळांकडचा भाग माझ्यापुढे धरला. "वरून पाणी मारलं की चार दिवसांची जुडीबी ताजी दिसती. हितं बघायचं. मुळं पांढरी असली तर सकाळची. काळी नि बुळबुळीत असली तर सोडून द्यायची. लिवा." मी तिथेच उभी राहून ते हस्तलिखिताच्या समासात लिहून घेतलं. भाजीच्या प्रकरणातला शेवटचा परिच्छेद तिचा आहे.